विकलेल्या दारूगोळ्याची राखण

सायप्रसच्या दक्षिण किनाऱ्यावर मारी नावाचे एक छोटे गाव आहे. त्याच्या शेजारच्या नौदल तळावर 2009 मध्ये 98 कंटेनर आणून ठेवण्यात आले. इराणहून सीरियाकडे निघालेल्या ‘मोन्चेगोर्स्क’ या जहाजावरचा हा माल संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे सायप्रसने उतरवून घेतला होता. त्यात मोठ्या प्रमाणावर तोफांची दारू होती. माल नष्ट करावा तर सीरिया दुखावेल, परत पाठवावा तर निर्बंध मोडतील, तिसऱ्याच्या हवाली करावा तर त्याचेही राजकारण होईल, अशा विचारात कंटेनर उघड्यावर एकावर एक रचलेले राहिले. भूमध्य समुद्राकाठचे दोन कडक उन्हाळे त्यांनी तसेच काढले आणि तिसरा सुरू झाला. जुलै 2011 च्या पहिल्या आठवड्यात त्यांतला एक आतून फुगून फुटला. पाहणी झाली, बैठक झाली. पण कंटेनर होते तिथेच राहिले. 11 जुलैच्या पहाटे आग लागली आणि सहा वाजायच्या आत सगळा ढीग उडाला. 13 माणसे गेली. त्यांत सायप्रसचे नौदलप्रमुख होते आणि आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. जवळचे वासिलिकोस वीज केंद्र निकामी झाले आणि बेटाची जवळपास निम्मी वीज एका सकाळीत गेली. संरक्षणमंत्र्यांनी राजीनामा दिला. पुढे चौकशीत राष्ट्राध्यक्षांवरही ठपका आला. हा दारूगोळा सायप्रसने बनवला नव्हता, विकत घेतला नव्हता, त्याला तो नकोही होता. तरी मेली ती त्याचीच माणसे.

अशा स्फोटांना अपघात म्हणण्याची रीत आहे. मला ती मान्य नाही, कारण अपघात सांगून येत नाही आणि हे स्फोट बहुतेकदा वर्षानुवर्षे सांगत येतात. जिनिव्हातील ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ ही संशोधन संस्था लष्करी कोठारांत नकळत झालेल्या स्फोटांची नोंद ठेवते. तिच्या नोंदींनुसार 1979 ते 2019 या चाळीस वर्षांत असे सहाशेहून अधिक स्फोट झाले, शंभराच्या आसपास देशांत झाले आणि मृत व जखमींची संख्या तीस हजारांच्या घरात गेली. म्हणजे जगात कुठे ना कुठे महिन्याला एखादे कोठार उडतेच. 27 जानेवारी 2002 रोजी, रविवारी, नायजेरियातील लागोस शहरात इकेजा छावणीचे कोठार पेटले. हजारांहून अधिक लोक मेले. त्यांतल्या शेकडो जणांना स्फोटाची झळही लागली नव्हती. घाबरून पळणारा जमाव अंधारात ओके-आफा कालव्यात कोसळला आणि बुडाला. मोझांबिकची राजधानी मापुतो इथे मार्च 2007 मध्ये शंभराहून अधिक, काँगोच्या ब्राझाव्हिलमध्ये 4 मार्च 2012 रोजी तीनशेच्या आसपास, इक्वेटोरियल गिनीतील बाटा शहरात 7 मार्च 2021 रोजी पुन्हा शंभरावर. गावे वेगळी, पण कोठार प्रत्येक ठिकाणी वस्तीला खेटून होते, साठा जुना होता आणि त्यातला बराचसा बाहेरच्या देशांतून आलेला होता.

यातली शेवटची गोष्ट आपण सहसा विसरतो. दारूगोळा विकणारा किंवा मैत्रीखातर देणारा देश पैसे किंवा पाठिंबा घेऊन मोकळा होतो. घेणाऱ्याच्या अंगणात तो माल तीस-चाळीस वर्षे पडून राहतो. तो कसा ठेवायचा, केव्हा तपासायचा, केव्हा बाद ठरवायचा आणि बाद झाल्यावर त्याचे काय करायचे, हे शिकवायला परत कोणी येत नाही. म्हणून दारूगोळ्याची सुरक्षित साठवण करायला इतर देशांना मदत करणे याला दानधर्म म्हणू नये. ते त्याच व्यवहाराचे राहिलेले अर्धे काम आहे. आणि आज आपला देश विकणाऱ्यांच्या रांगेत उत्साहाने पुढे सरकत असताना हा हिशेब आपल्यालाही लागू होतो.

हे अर्धे काम नेमके कोणते, ते समजून घ्यायचे तर दारू कशी म्हातारी होते हे पाहावे लागते. तोफगोळ्याला नळीतून पुढे ढकलणारी दारू मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची असते. हा पदार्थ डब्यात बंद असतानाही हळूहळू विघटित होत राहतो. त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड वायू सुटतात आणि हेच वायू पुढच्या विघटनाचा वेग वाढवतात. म्हणून कारखान्यात बनवतानाच दारूत एक स्थिर ठेवणारे रसायन मिसळतात. सुटणारे वायू ते शोषून घेते. पण शोषता शोषता ते स्वतः संपत जाते, आणि संपले की दारूला आतून तापण्यापासून अडवणारे काही उरत नाही. मग ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही. ढिगाऱ्याच्या मधोमध साचलेली उष्णताच तिला पेटवते. तापमान वाढेल तशी ही सगळी प्रक्रिया भराभर पुढे सरकते. युरोपातल्या थंड गोदामासाठी धरलेले आयुष्य विषुववृत्ताजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये कितीतरी लवकर संपते. बाहेरून डबा तसाच दिसतो, शिक्का तसाच दिसतो. आत काय उरले आहे हे कळण्याचा मार्ग एकच: प्रत्येक लॉटमधून, म्हणजे एका वेळी एकत्र बनलेल्या मालातून, ठरावीक काळाने नमुना काढायचा आणि ते रसायन किती शिल्लक आहे हे प्रयोगशाळेत मोजायचे. ज्या देशाकडे लॉटची वहीच नाही, तो नमुना कशाचा काढणार? आणि वही असली तरी तो लॉट मुळात कधी, कोणत्या मिश्रणाने बनला ही माहिती विकणाऱ्या देशाच्या कपाटात असते.

दुसरा मुद्दा अंतराचा. स्फोटकांच्या साठ्यापासून वस्ती किती दूर हवी, याचे गणित घनमुळावर चालते. साठा आठपट झाला की सुरक्षित अंतर दुप्पट लागते. एकाच वेळी उडू शकणारी हजार टन स्फोटके उघड्यावर असतील, तर प्रचलित सूत्राप्रमाणे राहती घरे सुमारे सव्वादोन किलोमीटर लांब हवीत. साठा मातीने झाकलेल्या वेगवेगळ्या कोठड्यांत विभागला, मध्ये मातीचे बांध घातले, फ्यूज एकीकडे आणि गोळे दुसरीकडे ठेवले, तर एका कोठडीची आग दुसरीला लागत नाही. यात गूढ काही नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याविषयी जे सांगितले आहे, ते वाचले तर आश्चर्य वाटते: तो घरांजवळ नसावा, घरांवरून येणाऱ्या वाऱ्याच्या खाली नसावा, भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे, आणि हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा मोहोरबंद करून ठेवावी. अंतर, आडोसा, ठरलेल्या दिवसांची तपासणी आणि नाव घेऊन सांगता येईल असा जबाबदार माणूस. तीनशे वर्षांपूर्वी किल्ल्यावर हे चारही नियम ठाऊक होते. आजच्या दारूचे रसायन बदलले, नियमांचा गाभा तोच राहिला.

गाभा सोपा असूनही तो सुटतो कसा, हे आपल्याच देशात दिसले आहे. राजस्थानातील भरतपूरचे दारूगोळा कोठार 28 एप्रिल 2000 रोजी पेटले आणि सुमारे 393 कोटी रुपयांचा दारूगोळा खाक झाला. आग वाळलेल्या गवतातून पसरली आणि खर्चकपातीसाठी ते गवत दोन वर्षे कापलेले नव्हते, हे नंतर पुढे आले. गवत कापण्याचा खर्च किती आणि जळालेल्या मालाचा किती, हे वेगळे सांगायला नको. मुंबईला तर हे 14 एप्रिल 1944 पासून ठाऊक आहे. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर सुमारे 1,400 टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी आणि तेलाची पिंपे भरलेली होती. एकत्र ठेवू नयेत अशा वस्तू एकत्र ठेवल्या की काय होते, याचा धडा म्हणून तो दिवस जगभरच्या प्रशिक्षणात सांगण्यासारखा आहे. त्या दिवशी मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान गेले.

स्फोट हा धोक्याचा एक भाग झाला. कोठाराला कुलूप नीट नसेल तर माल बाहेर चालत जातो आणि तो कुणाच्या हातात पडेल हे कोणी सांगू शकत नाही. 1997 मध्ये अल्बानियात साखळी गुंतवणूक योजना बुडाल्या, लोकांची आयुष्यभराची बचत गेली आणि संतापलेल्या जमावाने लष्कराची शस्त्रागारे फोडली. पाच लाखांहून अधिक शस्त्रे आणि प्रचंड दारूगोळा लुटला गेला. त्यातला काही भाग सीमेपलीकडच्या कोसोव्होच्या युद्धात पोहोचला. इराकमध्ये 2003 च्या आक्रमणानंतर अल-काका इथल्या कोठारातून 340 हून अधिक टन अतितीव्र स्फोटके नाहीशी झाल्याचे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सांगितले. त्या देशातल्या रस्त्यांवर पुढची कित्येक वर्षे जे बॉम्ब फुटले, त्यांच्यासाठी कच्चा माल शोधायला कोणाला परदेशात जावे लागले नाही. लिबियात 2011 मध्ये सत्ता कोसळल्यावर उघडी पडलेली कोठारे साहेलच्या वाळवंटातील टोळ्यांना पुरली. घातपात करणारा आत शिरण्याचा धोकाही असतोच: झेक प्रजासत्ताकात व्र्बेतिसे इथे 2014 मध्ये उडालेल्या कोठारामागे रशियन लष्करी गुप्तचरांचा हात होता, असे तिथल्या सरकारने 2021 मध्ये जाहीर केले. साठवण हा गोदाम विभागाचा रटाळ विषय समजणाऱ्यांनी या चार घटना एकापुढे एक ठेवून पाहाव्यात. दहशतवाद रोखण्यावर देश अब्जावधी खर्च करतात आणि त्याच दहशतवादाचा पुरवठा जिथून होतो त्या दरवाजाला नवे कुलूप लावायला पैसे नसतात.

अल्बानियाचीच पुढची गोष्ट मदतीच्या बाजूने आणि मदतीच्या चुकीच्या रीतीच्या विरुद्ध, दोन्ही प्रकारे बोलकी आहे. शीतयुद्धाच्या काळात एन्व्हर होक्साच्या राजवटीने सगळ्या जगाशी वैर धरून देशभर दारूगोळा साठवला होता. नाटोत प्रवेश हवा असल्याने तो नष्ट करण्याची घाई झाली. राजधानी तिरानाजवळच्या गेर्देच गावात हे काम खासगी कंत्राटावर दिले गेले. आजूबाजूच्या गावांतली गरीब माणसे, त्यांत बायकाही, हातांनी काडतुसे आणि गोळे उकलून पितळ वेगळे करत होती. प्रशिक्षण नावापुरते होते. 15 मार्च 2008 रोजी तिथे साखळी स्फोट झाले. 26 जण मेले, तीनशेच्या आसपास जखमी झाले, शेकडो घरे पडली. पितळाच्या भंगाराचा भाव डोळ्यांपुढे ठेवून केलेली विल्हेवाट अशी अंगावर येते. पण त्यानंतर त्या देशाने काम थांबवले नाही. अमेरिका आणि नाटोचा पैसा, बाहेरचे तंत्रज्ञ आणि स्वतःच्या जुन्या सरकारी कारखान्यांतले प्रशिक्षित कामगार यांच्या जोरावर पुढच्या काही वर्षांत त्याने आपला जादा साठा जवळपास संपवला. 1997 मध्ये ज्या देशाची शस्त्रागारे लुटारूंना मोकळी होती, त्याने हे करून दाखवले. पैसा आणि तंत्र बाहेरून, पण हात आणि हिशेब देशातलेच, ही रीत तिथे उपयोगी पडली.

अशा मदतीसाठी जगाने काही साधनेही तयार केली आहेत. संयुक्त राष्ट्रांनी 2011 मध्ये दारूगोळा व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि ‘सेफरगार्ड’ कार्यक्रमातून ती कोणालाही खुली ठेवली. डिसेंबर 2023 मध्ये महासभेने दारूगोळ्याच्या जन्मापासून नष्ट होईपर्यंतच्या व्यवस्थापनाचा जागतिक आराखडा स्वीकारला. त्यात 15 उद्दिष्टे आणि 85 उपाय आहेत. तो ऐच्छिक आहे, कोणावर कायद्याने बंधनकारक नाही. ही त्याची उणीव आहे आणि तिच्यामुळेच तो एकमताने पुढे सरकू शकला, हेही मान्य करायला हवे.

तरी अशा मदतीवर आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप गुप्ततेचा आणि सार्वभौमत्वाचा येतो. कोणत्याही सेनेला आपल्याकडे किती गोळे, कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहेत हे परक्याला सांगायचे नसते, आणि हा संकोच पूर्णपणे रास्त आहे. पण मदत घ्यायला साठा मोजून दाखवावा लागतो, ही समजूत खरी नाही. नमुना कसा काढावा, कोणते प्रकार शेजारी ठेवू नयेत, वीजरोधक दांडा कुठे उभारावा, कोठाराची वही कशी लिहावी, हे एखाद्या देशाच्या दहा अधिकाऱ्यांना दुसऱ्या देशात नेऊन शिकवता येते; शिकवणाऱ्याला त्यांचे एकही कोठार पाहण्याची गरज पडत नाही. गुप्ततेचा आग्रह जिथे टोकाला जातो तिथली अवस्था मोल्डोवात दिसते. ट्रान्सनिस्ट्रिया या फुटीर पट्ट्यात, युक्रेनच्या सीमेला लागून, कोबास्ना इथे सोव्हिएत काळातला सुमारे 20 हजार टन दारूगोळा पडून आहे. 1999 मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत रशियाने तो हलवण्याचे मान्य केले, काही भाग गेला, 2004 च्या सुमारास काम थांबले. आज त्या साठ्याची नेमकी अवस्था स्वतंत्रपणे पाहायला कोणाला आत जाता येत नाही. आजूबाजूची गावे रोज रात्री त्याच्या शेजारी झोपतात.

दुसरा आक्षेप अधिक भावनेचा आहे. ज्या देशात औषधे नाहीत, शाळांना छप्पर नाही, तिथे मदतीचा पैसा तोफगोळ्यांच्या गोदामांवर का घालवायचा? आणि तिथली राजवट जुलमी असेल तर तिचे शस्त्रागार नीट ठेवून आपण कोणाचे भले करतो? पहिल्या भागाचे उत्तर ब्राझाव्हिलच्या म्पिला वस्तीने दिले आहे. तिथे स्फोटात घरांबरोबर प्रार्थनास्थळे आणि दवाखान्यांची छतेही कोसळली, हजारो माणसे बेघर झाली. तोच मदतीचा पैसा नंतर तंबू, पट्ट्या आणि न फुटलेले गोळे शोधण्यावर गेला. शिवाय सुरुवातीच्या पायऱ्या स्वस्त असतात. संयुक्त राष्ट्रांची तत्त्वे मुद्दामच तीन पातळ्यांवर लिहिली आहेत आणि पहिल्या पातळीवर लागते ते थोडेच: गवत कापणे, रचना बदलणे, तापमान लिहून ठेवणे, जुना आणि धोक्याचा माल बाजूला काढणे. जुलमी राजवटीच्या प्रश्नाला मात्र मी सोपे उत्तर देणार नाही. बाटामधल्या स्फोटानंतर चार दशके सत्तेवर असलेल्या राष्ट्राध्यक्षांनी निष्काळजीपणावर आणि शेजारी शेत पेटवणाऱ्या शेतकऱ्यांवर बोट ठेवले. अशा सरकारला पैसा हातात देऊ नये, हे मलाही पटते. पण त्या छावणीभोवती राहणाऱ्यांनी ते सरकार निवडलेले नव्हते. प्रशिक्षण, मोजमापाची उपकरणे आणि बाद माल नष्ट करण्याचे प्रत्यक्ष काम या रूपात मदत दिली, तर ती राजवाड्यात जिरत नाही. आणि नष्ट केलेला गोळा कोणावर झाडताही येत नाही.

तिसरा आक्षेप युक्रेन युद्धानंतर जोरात ऐकू येतो. दोन्ही बाजू रोज हजारो गोळे झाडत आहेत, जगभर तोफगोळ्यांची टंचाई आहे, जुना साठाही सोन्याच्या भावाने उचलला जातो. अशा वेळी तो नष्ट करण्याची भाषा कशाला? मला हा युक्तिवाद उलट्या बाजूने पटतो. ज्या सेनेला आपल्या साठ्यातला कोणता लॉट खात्रीचा आहे आणि कोणता नाही हे माहीत असते, तीच युद्धाच्या दिवशी सज्ज असते. स्थिरता गमावलेली दारू नळीत अवेळी पेटते, जुना फ्यूज दगा देतो, आणि दोन्ही वेळा मरतो तो तोफेवरचा आपलाच जवान. तपासणीत चांगला ठरलेला माल कोणी नष्ट करत नाही. बाद ठरलेला माल टंचाईमुळे पुन्हा चांगला होत नाही. टंचाईच्या काळात जगभर नवे कारखाने उभे राहत आहेत आणि जुन्या मालाच्या नोंदी न ठेवताच त्यावर नव्या मालाचे थर चढणार आहेत. पुढच्या तीस वर्षांच्या कोठारांची अवस्था याच चार-पाच वर्षांत ठरते आहे.

उरतो तो घरचा आक्षेप. आपलीच कोठारे धड नाहीत, मग आपण जगाला काय शिकवणार? वर्धा जिल्ह्यातील पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार आशियातल्या मोठ्या भांडारांपैकी एक. 31 मे 2016 च्या रात्री तिथे आग लागली आणि अधिकारी, जवान व अग्निशमन कर्मचारी मिळून 19 जण गेले. सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांमधून गळणाऱ्या स्फोटकाकडे बोट दाखवले गेले. अडीच वर्षांनी, 20 नोव्हेंबर 2018 रोजी, त्याच परिसरात मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करताना झालेल्या स्फोटाने सहा जणांचा बळी घेतला. त्यांत शेजारच्या गावांतले कंत्राटी मजूर होते. गेर्देच आणि पुलगाव यांच्यात हजारो किलोमीटर आहेत, पण बाद गोळ्यापुढे अखेर रोजंदारीवरचा माणूस उभा राहतो ही गोष्ट दोन्हीकडे एकच आहे. देहूरोडच्या कोठाराभोवतीच्या दोन हजार यार्डांच्या रेड झोनमुळे निगडी, तळवडे, किवळे भागांतली किती कुटुंबे घराच्या परवानगीसाठी आणि कर्जासाठी वर्षानुवर्षे अडकून पडली आहेत, हे पिंपरी-चिंचवडकरांना सांगायला नको. रेषा मागे घ्या, एवढीच मागणी दर निवडणुकीत होते. त्या रेषेच्या आत किती माल आहे, किती जुना आहे आणि त्यातला किती आजच्या आज कमी करता येईल, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा. म्हणून मी हा आक्षेप फेटाळत नाही. मात्र ज्याने चूक केली, मोजली आणि त्यातून नियम बदलले, त्याच्याकडे शिकवण्यासारखे काही असते. घर पूर्ण नीट झाल्यावरच शेजाऱ्याला सांगायचे ठरवले तर जगात कोणीच कोणाला काही सांगू शकणार नाही. टेम्सच्या मुखाशी 1944 मध्ये बुडालेल्या ‘रिचर्ड मॉन्टगोमेरी’ जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटके अजून तशीच आहेत, तरी ब्रिटनचे तज्ज्ञ इतर देशांना मदत करतातच.

भारताला हे काम करता येईल, याचे कारण ज्ञान इथे आहे आणि त्यातले बरेचसे महाराष्ट्रात आहे. दारूचे आणि स्फोटकांचे रसायन अभ्यासणारी संरक्षण संशोधन संस्थेची एचईएमआरएल प्रयोगशाळा पुण्यात आहे, लष्करी अभियंत्यांचे महाविद्यालय दापोडीला आहे, दारूगोळ्याचे अधिकारी घडवणारे महाविद्यालय जबलपूरला आहे. 1964 पासून चालत आलेल्या ‘आयटेक’ कार्यक्रमातून आपण मित्रदेशांच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देतोच. करायलाच हवे, याचे कारण मात्र विक्री आहे. देशाची संरक्षण निर्यात 2013-14 मध्ये 686 कोटी रुपये होती. 2023-24 मध्ये ती 21,083 कोटींवर आणि 2024-25 मध्ये 23,622 कोटींवर गेली. त्यात दारूगोळ्याचा वाटा आहे. खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, भद्रावती इथले आयुध कारखाने ज्या ‘म्युनिशन्स इंडिया’ कंपनीखाली 2021 मध्ये आले, तिचे मुख्यालय पुण्यातच आहे. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने घडवलेले पिनाका रॉकेट आज आर्मेनियापर्यंत पोहोचले आहे. या यशाचा अभिमान वाटणाऱ्यांत मीही आहे. म्हणूनच प्रत्येक दारूगोळा निर्यातीच्या करारात तीन कलमे असावीत असे मला वाटते. घेणाऱ्या देशाच्या कोठार सांभाळणाऱ्यांना भारताने प्रशिक्षण द्यावे. विकलेल्या प्रत्येक लॉटची मूळ माहिती आणि पुढच्या तपासण्यांचे निकाल त्या लॉटच्या आयुष्यभर उपलब्ध राहावेत. आणि मुदत संपल्यावर नष्ट करण्याच्या खर्चाचा एक हिस्सा किमतीतच धरून बाजूला ठेवावा. किंमत थोडी वाढेल, एखादा ग्राहक कुरकुर करेल. पण जो विक्रेता माल देऊन निघून जात नाही, त्याच्याकडे ग्राहक परत येतो, हे बाजारात बसणाऱ्या कोणालाही विचारून पाहावे.

जागतिक आराखडा स्वीकारलेल्या देशांची पहिली बैठक 2027 मध्ये व्हायची आहे. भारताने तिथे ही तीन कलमे आधी स्वतःच्या करारांत घालून जावे. वर्धा, मावळ आणि भंडारा-गोंदियाच्या खासदारांनी त्याआधी संसदेत एक साधा प्रश्न विचारावा: आपल्या कारखान्यांतून परदेशी गेलेल्या प्रत्येक लॉटची शेवटची तपासणी कोण करणार आहे, आणि कोणत्या वर्षी?